वेय, बैल आणि बे

तर झालं असं, की गेल्या वर्षी कंपनीने मला सहा महिन्यांसाठी ग्वादालाहाराला पाठवलं. हे शहर पश्चिम मेक्सिकोत आहे आणि तिथे इतक्या सॉफ्टवेअर कंपन्या आहेत की त्याला मेक्सिकोची सिलिकॉन व्हॅली म्हणतात. (जगात अशा एकूण किती सिलिकॉन व्हॅल्या आहेत, हा वेगळ्या लेखाचा विषय. असो.)

जायच्या आधी दोनेक महिने पुण्यातूनच त्यांच्या टीमबरोबर कॉल चालायचे. साडेअकरा तासांचा फरक. त्यांची सकाळची कॉफी आणि आमचं रात्रीचं जेवण एकाच वेळी. मॅनेजर यायच्या आधी ती पोरं आपापसात स्पॅनिशमध्ये गप्पा मारायची आणि मी म्यूटवर बसून पोळी-भाजी खात ऐकायचो. काहीही कळत नव्हतं. पण एक शब्द मात्र सारखा कानावर आदळायचा. वेय. वाक्याच्या सुरुवातीला वेय, शेवटी वेय, मध्ये श्वास घ्यायला थांबले तरी वेय. एकदा गंमत म्हणून वहीत रेघा मारत बसलो. तीन मिनिटांत एकोणीस. आधी वाटलं इंग्रजीतला 'वे' असावा, म्हणजे डेटाबेसच्या मायग्रेशनचा काहीतरी मार्ग वगैरे शोधताहेत बिचारे. शेवटी एकाला विचारलंच. तो हसत सुटला. म्हणाला, "त्याचा अर्थ बैल."

मी गार. कारण मलाही एक जण बैल म्हणायचा. त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी त्या शब्दाकडे. तो नीट लिहायचा तर 'ग्वेय' असा लिहितात, जी, मग डोक्यावर दोन टिंबं असलेला यू, मग ई आणि वाय. मोबाइलवर ती दोन टिंबं शोधायचा कंटाळा सगळ्यांनाच, त्यामुळे पोरं सरळ डब्ल्यू लावून 'वेय' लिहितात. शब्दकोश सांगतो की हा 'ब्वेय' या स्पॅनिश शब्दाचा बोलीतला अवतार. ब्वेय म्हणजे बैल. वळू नव्हे, बैल. खच्ची केलेला, नांगराला नि गाडीला जुंपायचा. हा फरक शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला समजवावा लागत नाही.

'ब'चा 'ग' कसा झाला? तिथल्या खेड्यातल्या बोलीत ही नेहमीची गोष्ट आहे. आजोबांना 'आब्वेलो' म्हणतात, त्याचं 'आग्वेलो' होतं. 'ब्वेनो' म्हणजे चांगला, त्याचं 'ग्वेनो'. आपल्याकडे नाही का, विठ्ठलाचा इठ्ठल आणि विहिरीची इहीर होते? तसंच. शाळेतले मास्तर अशा उच्चारांना गावंढळ म्हणतात, तिथेही आणि इथेही.

यात एक मजा आहे, जी वाचून मी लॅपटॉपसमोर एकटाच हसलो. ब्वेय आला लॅटिनमधल्या 'बोस'वरून. हा बोस, ग्रीकमधला 'बूस', इंग्रजीतली 'काऊ' आणि आपल्या संस्कृतातला 'गो' ही एकाच आजीची नातवंडं. त्या आजीच्या, म्हणजे मूळ इंडो-युरोपियन भाषेच्या, तोंडी सुरुवातीला 'ग्व' असा काहीसा जोडआवाज होता. संस्कृतात त्याचा ग राहिला, ग्रीक-लॅटिनमध्ये ब झाला. आणि हजारो वर्षांनी मेक्सिकोतल्या कुठल्याशा शेतकऱ्याने त्या 'ब'चा पुन्हा 'ग्व' केला! त्याला कुठे माहीत होतं की आपण शब्द घरी परत आणतोय. म्हणजे मेक्सिकन मित्र मला वेय म्हणतो तेव्हा तो आपल्या गाई-गोठ्याच्याच नात्यातला शब्द वापरत असतो. उलट आपला 'बैल' दिसायला ब्वेयच्या जवळचा वाटतो, पण तो 'बलीवर्द' या वेगळ्याच संस्कृत शब्दाशी जोडतात. दिसण्यावर जाऊ नये म्हणतात ते खरं.

इंटरनेटवर अजून एक व्युत्पत्ती फिरते. आझ्टेक लोकांच्या नावात्ल भाषेत 'वेय' म्हणजे थोर. त्यांच्या सम्राटाची पदवीच 'वेय त्लातोआनी' अशी होती. म्हणून म्हणे मेक्सिकन लोक एकमेकांना वेय म्हणतात तेव्हा ते नकळत "हे थोर पुरुषा" म्हणत असतात. ऐकायला झकास! मला लगेच व्हॅटिकन म्हणजे वाटिका सांगणारे आपले पु. ना. ओक आठवले. अशी व्युत्पत्ती कुठेही तयार होते याचं कारण मला समजतं. ज्यांना कुणीतरी जिंकलं, त्यांना आपल्या तोंडातली शिवी जेत्याच्या भाषेतली आहे हे पचत नाही. पण आवाजाचा प्रवास आणि 'मूर्ख' हा मधला अर्थ, दोन्ही बैलाकडेच बोट दाखवतात. थोर माणसापासून मूर्खापर्यंत कसं यायचं ते ही थिअरी सांगत नाही. (रोजच्या अनुभवातून सांगता येईल, पण तो पुरावा नव्हे.)

मुळात मेक्सिकोत बैलच नव्हता. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत गुरं कॅरिबियन बेटांवर आणली, आणि तिथून ती १५२१ च्या आसपास मेक्सिकोत पोचली. म्हणजे ज्या वर्षी आझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली, साधारण तेव्हाच. त्याआधी या एवढ्या मोठ्या संस्कृतीकडे ओझं ओढणारं एकही जनावर नव्हतं. चाक त्यांना खेळण्यात माहीत होतं, पण गाडीला जुंपणार काय? ओझी माणसंच पाठीवर वाहायची. शेत नांगरायचे नाहीत, टोकदार काठीने भोक पाडून मका पेरायचे. आणि एक दिवस हे धूड समोर आलं. त्याला नावात्लमध्ये शब्द नव्हता, तर त्यांनी बनवला, 'क्वाक्वावे'. म्हणजे ज्याच्या डोक्यावर लाकडं आहेत असा. शिंगाला आणखी काय म्हणणार?

पुढच्या काही शतकांत बैल मेक्सिकन शेतीचा कणा झाला. बैलजोडी, लाकडी नांगर, धुरळ्याची वाट. फोटो पाहिले तर आमचं यवतमाळच वाटावं. तिथल्या म्हणीतही बैल शिरला. एखादं अडलेलं काम कसंबसं पार पाडणं म्हणजे 'बैल दरीतून बाहेर काढणं'. आमच्या टीममध्ये रिलीजच्या आदल्या रात्री हा वाक्प्रचार हमखास ऐकू यायचा. मला तर तो सपोर्ट प्रोजेक्टच्या दारावर लिहून ठेवावासा वाटतो.

पण ज्याच्या जिवावर जगायचं त्यालाच मूर्ख ठरवायचं, ही माणसाची जुनी खोड. बैल सांगितलं तिकडे जातो, मार खातो, उलट बोलत नाही, म्हणून तो मठ्ठ. आपण तरी काय केलं? बैलोबा, नंदीबैल, घाण्याचा बैल. वर 'बैल गेला आणि झोपा केला' म्हणून घरमालकाच्या मूर्खपणातही बैलाला ओढलं. मेक्सिकोत शिंगांमुळे अजून एक डंख आहे, कारण स्पॅनिशमध्ये 'शिंगं लावणं' म्हणजे जोडीदाराला फसवणं. त्यामुळे ब्वेय म्हणजे बायकोने फसवलेला नवराही. थोडक्यात काय, तर हा शब्द कुणाला तोंडावर म्हटला तर हाणामारी ठरलेली.

मग या शिवीचा मित्र कसा झाला?

भाषेचे बदल एका तारखेला होत नाहीत, पण दिशा दिसते. १९६० च्या दशकात मेक्सिको सिटीतली मध्यमवर्गीय पोरं घरच्या सोज्ज्वळ भाषेला कंटाळली आणि गरीब वस्त्यांमधले, कामगारांचे, अगदी तुरुंगातलेही शब्द उचलू लागली. रॉक संगीत, लांब केस आणि ही भाषा, या सगळ्याला 'ओंदा' म्हणजे लहर असं नाव होतं. होसे आगुस्तीन या लेखकाची 'ला तुंबा' ही कादंबरी १९६४ ची; तिच्यासारख्या पुस्तकांतून तरुणांची बोली पहिल्यांदा साहित्यात धडधडीतपणे आली. सरकारचा सूर उलटा. १९६० च्या रेडिओ-टीव्ही कायद्यात 'भाषा भ्रष्ट करणाऱ्या' प्रसारणावर चक्क बंदी होती, आणि हा कायदा २०१४ साली नवा येईपर्यंत पुस्तकात होता. पण कायद्याने भाषा सोवळ्यात राहिली असती तर काय पाहिजे होतं! २००० साली 'आमोरेस पेर्रोस' आणि २००१ साली 'ई तू मामा ताम्ब्येन' हे सिनेमे आले आणि जगभर गेले. दोन्हींतले तरुण वेयशिवाय वाक्य पुरं करत नाहीत. एके काळी हा फक्त पुरुषांच्या तोंडचा शब्द. आता मुली मुलींना सर्रास वेय म्हणतात आणि त्यात कुणाला बैल दिसत नाही. २०१० साली तर मेक्सिकन भाषा अकादमीच्या मेक्सिकन शब्दांच्या कोशातही ग्वेय दिमाखात बसला. १८७५ साली स्थापन झालेली ही संस्था. तिच्या ओसरीवर बैल बांधायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली.

आज हा शब्द कसा वापरतात ते मी माझ्यापुरतं असं मांडलंय. आमच्या धंद्यात याला ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात, चिन्ह एकच, पण आजूबाजूला काय आहे त्यावर अर्थ ठरतो.

एक, हाक. "के ओंदा, वेय?" म्हणजे काय रे, कसं काय? इथे अर्थ जवळजवळ शून्य, नुसती जवळीक.

दोन, तिऱ्हाईत. "एसे वेय" म्हणजे तो माणूस, तो गडी. प्रेम नाही, रागही नाही.

तीन, आश्चर्य. "आय, वेय!" ठेच लागली, बिल जास्त आलं, प्रॉडक्शन सर्व्हर बंद पडला, काहीही. आपलं "आयला!" जसं.

चार, जुना अर्थ, मूर्ख. तो मेलेला नाही. 'ग्वेय असणं' म्हणजे अजूनही मूर्ख असणंच. आणि 'स्वतःला ग्वेय करणं' म्हणजे सगळं कळत असून न कळल्यासारखं दाखवणं, कामचुकारपणा करणं. याचं मराठी मी एका दमात सांगितलं असतं, वेड पांघरून पेडगावला जाणं. पण पेडगाव त्यांना समजावून सांगता सांगता स्टँडअप संपला.

हे असं फक्त मेक्सिकोत होतं असं नाही. अर्जेंटिनातला 'बोलूदो' आणि चिलीतला 'वेओन' हेही मुळात अपशब्दच, आणि आता दोस्तीच्या हाका. आपला 'साला' घ्या. रॅडक्लिफ-ब्राऊन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० साली चेष्टेच्या नात्यांवर एक लेख लिहिला. काही समाजांत मेव्हण्या-मेव्हण्यांसारख्या ठरावीक नात्यांत एकमेकांची टर उडवायची मुभाच असते, आणि समोरच्याने रागवायचं नाही असा नियम असतो. मला वाटतं मैत्रीतल्या शिवीचं तेच. मी तुला बैल म्हणतो आणि तू रागावत नाहीस, म्हणजे आपल्यात रागावण्यापलीकडचं काही आहे. प्रत्येक वेय ही त्या नात्याची छोटीशी चाचणी असते आणि रोज शेकडो वेळा ती पास होते. मग नाण्यावरचा छाप झिजावा तसा अर्थ झिजतो. नाणं मात्र चालत राहतं.

पण कुठे चालतं आणि कुठे नाही, हे मला जरा उशिरा कळलं.

ग्वादालाहारात आमच्या इमारतीच्या गेटवर साठीचे एक सुरक्षारक्षक होते. रोज सकाळी म्हणायचे, "ब्वेनोस दीआस, होवेन." होवेन म्हणजे तरुण माणसा, आपल्याकडे म्हातारे "काय तरुण मंडळी" म्हणतात तसं. दुसऱ्याच आठवड्यात, नवं शिकलेलं मिरवायच्या नादात मी त्यांना म्हणालो, "ग्रासियास, वेय." ते काही बोलले नाहीत. कार्ड परत दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ब्वेनोस दीआस, इंहेन्येरो." इंहेन्येरो म्हणजे इंजिनिअर. मेक्सिकोत ही पदवी नावासारखी लावतात, आदराने.

मी खूश. बढतीच मिळाली की! शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "अरे, ज्यांना आपण 'उस्तेद' म्हणतो त्यांना वेय म्हणायचं नसतं. त्यांनी तुला मान नाही दिला. त्यांनी तुला लांब केलं." उस्तेद म्हणजे आपलं तुम्ही.

त्याचं शेवटचं वाक्य मला त्या दिवशी फार लागलं. कारण मला लांब करणारा आदर मी आधी पाहिलेला होता. फक्त ओळखला नव्हता.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडे वाक्य 'बे'ने संपतं. "काय करून राहिला बे?" यात काही उर्मटपणा नसतो. वेयसारखंच, नुसती जवळीक. माझा एक बालमित्र आहे, शेजारच्या वावरातला. त्याची माझ्यासाठी ठरलेली हाक होती, "काय बे बैला!" मी गणितात हुशार, बाकी व्यवहारात ढ, म्हणून बैल. मी पुण्याला इंजिनिअरिंगला आलो तसा पहिल्याच वर्षी माझ्या 'बे'वर वर्गात हशा पिकायला लागला. सहा महिन्यांत मी बे सोडला. 'करून राहिलो'चं 'करतोय' झालं. इतकं सफाईने झालं की मला त्याचा अभिमान वाटायचा.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी हा मित्र शेतीचं प्रदर्शन पाहायला पुण्याला आला. मला भेटायला ऑफिसपाशी आला. मी टीमबरोबर चहाच्या टपरीवर उभा, आणि हा रस्त्यापलीकडून हात वर करून ओरडला, "काय बे बैला!" सगळे वळून पाहायला लागले. कुणीतरी हसलं. मी घाईघाईने त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणालो, "इथे असं नको बोलत जाऊ यार."

तो म्हणाला, "बरं."

एवढंच. भांडण नाही, काही नाही. जेवलो, त्याला गाडीत बसवून दिलं. पण त्यानंतर फोनवर तो मला तुम्ही म्हणायला लागला. "बरे आहात ना? काम कसं चालू आहे, साहेब?" मला वाटायचं, चेष्टा करतोय. मग वाटायला लागलं, वय वाढलं की माणसं पोक्त होतात. सोयीस्कर अर्थ काढण्यात आपण सगळेच हुशार. स्वतःला ग्वेय करणं, दुसरं काय.

ग्वादालाहारातल्या त्या काकांचं प्रकरण मिटलं. सहकाऱ्याकडून माफीचं एक वाक्य पाठ करून घेतलं, उस्तेद लावून, आणि सकाळी गेटवर म्हटलं. ते मोठ्याने हसले, खांद्यावर थाप मारली. पुढच्या आठवड्यात मी परत होवेन झालो. पण मित्राला काय म्हणणार? "मला परत बैल म्हण" असं सांगता येत नाही. सांगून म्हटलेला बैल हा खोटा बैल. हा शब्द दोघांनी मिळून चालवायचा असतो, आणि मी माझी बाजू टपरीपाशी सोडून दिली होती.

परत आल्यावरही दोन-तीनदा फोन केला. एकदा मीच मुद्दाम "काय बे" म्हणून पाहिलं. ते माझ्या तोंडी इतकं उसनं वाटलं की मलाच लाज वाटली. तो पलीकडून म्हणाला, "बोला साहेब."

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले असतात, त्यांना तूप-हळद चोळायची. आणि मग बैलाला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर ज्याला "हो रे, चाल रे" करायचं, त्याला त्या दिवशी अहो-जाहो. लहानपणी आम्ही दोघं त्यांच्या गोठ्यात हे म्हणायला भांडायचो. आमची जोडी बाबांनी मी बारावीत असताना विकली. त्यांची आहे अजून.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ऑफिसमधून त्याला फोन केला. मागून घंटांचा आवाज येत होता, म्हणजे गोठ्यातच होता. इकडचं तिकडचं बोललो. कापूस, पाऊस, माझा प्रोजेक्ट. सगळं तुम्ही-आम्हीतच. ठेवताना मी म्हणालो, "चल, उद्या पोळा आहे, तुझी गडबड असेल."

तो जरा थांबला. मग अगदी सावकाश, नीट आदराने म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

मी "हो, हो, बघतो" म्हणून फोन ठेवला. आणि मग अर्ध्या मिनिटाने माझी ट्यूब पेटली.

बैल तो बैलच.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं शेवटचं तिकीट मिळालं, मागच्या सीटचं. कंबर अजून दुखतेय. असो.